“ब्रॉन्झ कोणाला?” : स्केटिंग ट्रिव्हिया खेळायला नवीन आलात तर आधी हे वाचा

मी पहिल्यांदा हा खेळ खेळायला बसले तेव्हा वीसपैकी तीन मार्क पडले होते आणि त्यातला एक तर चक्क तुक्का होता. त्याआधी वाटायचं आपल्याला फिगर स्केटिंगमधलं सगळं कळतं, कारण लुट्झ आणि फ्लिप या दोन जंपमधला फरक ओळखता यायचा, जपानच्या युझुरु हान्यूचे प्रोग्रॅम म्युझिकसकट पाठ होते, 2018 ला प्याँगचांग ऑलिम्पिकचं फायनल बघायला सकाळी साडेसहाला चहाचा कप घेऊन बसले होते. आणि क्विझ घेणाऱ्या काकांनी पहिलाच प्रश्न टाकला, 1984, सारायेवो ऑलिम्पिक, महिला, ब्रॉन्झ. आता कातारिना विट कोणाला माहीत नाही, पण ती गोल्ड! कॉलवर सगळे गप्प, आणि टोरांटोच्या एका ताईंनी कपात चमचा ढवळत ढवळत “किरा इव्हानोवा” असं म्हणून टाकलं, जसं आपण कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याचं नाव सांगतो तसं.

तर हा तो खेळ. सीझन संपला की फॅन लोकांना करमत नाही, मग एकमेकांना जुन्या स्पर्धांचे मेडलवाले विचारत बसायचं. जंपबद्दल नाही, ड्रेसबद्दल नाही, पोडियमवर कोण उभं होतं एवढंच. ऐकायला शाळेतल्या सनावळ्यांसारखं वाटतं आणि सुरुवातीला तसंच असतं, पण एकदा गोडी लागली की सुटत नाही. आपल्याकडे बर्फाचे रिंक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यामुळे आपल्यातले बहुतेक जण स्केटिंग फक्त बघून शिकलेले, आणि बघून शिकलेल्या माणसाला हा खेळ फार मानवतो.

आधी मैदान छोटं करा

नवीन माणसाची पहिली चूक म्हणजे सगळंच एकदम पाठ करायला घेणं. वर्ल्ड चॅम्पियनशिप 1896 पासून आहे, युरोपियन तर त्याच्याही आधी 1891 पासून, शिवाय 1999 पासून फोर कॉन्टिनेंट्स, ग्रां प्री, ज्युनियर, प्रत्येकात पुरुष, महिला, आणि जोडीने करायचे पेअर्स, आइस डान्स. वेड लागेल. तुम्ही फक्त ऑलिम्पिक घ्या आणि त्यातही महिला सिंगल्स. 1908 पासून 2022 पर्यंत ही स्पर्धा 26 वेळा झाली, म्हणजे 78 मेडलं, आणि बरीच नावं परत परत येतात म्हणून प्रत्यक्षात त्याहून कमी. आपण पाढे पाठ केलेली माणसं, हे काहीच नाही.

त्यातही 1908 पासून सुरू करू नका. तुम्ही स्वतः डोळ्यांनी बघितलेलं जे पहिलं पोडियम असेल तिथून सुरू करा आणि मागे मागे जा. माझं 2010 चं होतं, व्हँकुव्हर. युना किम, माओ असादा, जोआनी रोशेट. ते मला कधी पाठ करावंच लागलं नाही, कारण रोशेटची आई तिच्या स्पर्धेच्या दोन दिवस आधी गेली होती आणि तरी ती बर्फावर उतरली, हे ज्याने बघितलंय तो तिचं ब्रॉन्झ विसरूच शकत नाही. तिथून एक पाऊल मागे 2006, मग 2002, असं.

खुंटी हवी

नुसती नावं राहत नाहीत. नाव टांगायला खुंटी लागते. शाळेत इंद्रधनुष्य कसं पाठ केलं होतं आठवतंय, तानापिहिनिपाजा, तसंच इथे करायचं. 2014 सोची म्हणजे सोत्निकोवा, किम, कोस्टनर, झालं “सोकिको”. 2006 म्हणजे अराकावा, कोहेन, स्लुत्स्काया, “अकोस्लु”. 2002 “ह्यूस्लुक्वा”, ह्यूज, स्लुत्स्काया, क्वान. घरातल्यांना वाटतं डोक्यावर परिणाम झालाय. होऊ दे.

पण अक्षरांपेक्षा गोष्टीची खुंटी जास्त पक्की बसते. उदाहरणार्थ पुरुषांचं 1994 आणि 1998. सिल्व्हर आणि ब्रॉन्झ दोन्ही वेळा त्याच दोघांना, कॅनडाचा एल्विस स्टोयको आणि फ्रान्सचा फिलिप कँडेलोरो, फक्त वरचा रशियन बदलला, आधी उर्मानोव मग कुलिक. हे एकदा कळलं की एका गोष्टीत सहा मेडलं खिशात. तसंच महिलांमध्ये चीनची चेन लू, 94 ला पण ब्रॉन्झ, 98 ला पण ब्रॉन्झ. अमेरिकेच्या नॅन्सी केरिगनचं 92 ला ब्रॉन्झ आणि 94 ला सिल्व्हर, आणि हो, या दोन ऑलिम्पिकमध्ये दोनच वर्षांचं अंतर आहे हे डोक्यात ठेवा, नवीन लोक चार-चार मोजत जातात आणि 1996 वर जाऊन आपटतात.

आता माझी सगळ्यात लाडकी खुंटी. 1956 ला पुरुषांची तिन्ही मेडलं अमेरिकेला, हेज जेंकिन्स, रॉनी रॉबर्टसन, डेव्हिड जेंकिन्स. पहिला आणि तिसरा सख्खे भाऊ. 1960 ला धाकट्या डेव्हिडला गोल्ड आणि महिलांमध्ये गोल्ड कॅरोल हाइसला, आणि त्याच वर्षी कॅरोलने थोरल्या हेजशी लग्न केलं. म्हणजे 1960 ची दोन्ही सिंगल्स गोल्ड दीर-भावजयीची, फक्त जिंकले तेव्हा नातं व्हायचं होतं. हे मी आईला सांगितलं, जिला स्केटिंगमधलं ओ की ठो कळत नाही, तर तिला आज पण पाठ आहे.

ब्रायन ऑर्सर पण असाच. 1984 ला सिल्व्हर, स्कॉट हॅमिल्टन पुढे. 1988 ला परत सिल्व्हर, या वेळी ब्रायन बॉइटानो पुढे आणि जज लोकांचं मत पाच विरुद्ध चार. मग हाच ऑर्सर कोच झाला आणि युना किमचं 2010 चं आणि हान्यूचं 2014 आणि 2018 चं गोल्ड त्याच्या हाताखाली आलं. त्याच 2018 च्या पोडियमवर तिसरा हाविएर फर्नांडेझ, तो पण त्याचाच. एका माणसाला धरून तुम्ही चौतीस वर्षं फिरून येता.

ब्रॉन्झ आधी, गोल्ड नंतर

आमच्यात गोल्डला एक मार्क, सिल्व्हरला दोन, ब्रॉन्झला तीन. बऱ्याच ग्रुपमध्ये असंच काहीतरी असतं कारण गोल्ड सगळ्यांना येतं. म्हणून अभ्यास उलटा करायचा. यादी समोर घेतली की तिसऱ्या नावापासून वाचायची. 1988 चं सांगा म्हटलं की सगळे विट-विट ओरडतात, पण त्या वर्षी कार्मेन ऑपेराच्या म्युझिकवर विट आणि डेबी थॉमस दोघी स्केट करत होत्या, सगळ्या जगाचं लक्ष त्या दोघींकडे, आणि मधून एलिझाबेथ मॅनली सिल्व्हर घेऊन गेली, तेही स्वतःच्या देशात कॅल्गरीला. थॉमस तिसरी. ही गोष्ट माहीत असेल तर तिन्ही नावं क्रमाने येतात, नसेल तर मॅनली कधीच आठवत नाही.

जुन्या काळात तर खालची मेडलं म्हणजे खजिना आहे. 1908 च्या लंडनला पेअर्समध्ये एकूण जोड्याच तीन होत्या, शेवटचा आला तरी ब्रॉन्झ. ते ब्रॉन्झ घेणारी मॅज सायर्स, नवऱ्याबरोबर, आणि तिलाच महिला सिंगल्सचं गोल्ड. हीच बाई 1902 ला वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये पुरुषांच्यात उतरली होती कारण नियमात कुठे लिहिलंच नव्हतं की बायकांनी येऊ नये, आणि थेट दुसरी आली, उल्रिक साल्कोच्या मागे, हो तोच ज्याच्या नावाचा जंप आहे. मग लोकांना नियम आठवला आणि बायकांना बंदी केली, आणि शेवटी 1906 पासून बायकांची वेगळी स्पर्धा, जी तिनेच जिंकली. “वर्ल्ड्समध्ये पुरुषांच्या पोडियमवरची बाई कोण” हा प्रश्न दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी विचारतंच, त्यामुळे हे फुकटचे मार्क समजा.

पेअर्स आणि डान्स, घाबरायचं नाही

इथे नावं दुप्पट म्हणून नवीन लोक पळतात. एक सोपी पळवाट आहे. पेअर्सचं ऑलिम्पिक गोल्ड 1964 ते 2006 सलग बारा वेळा सोव्हिएत किंवा त्यांच्या वारसांकडे गेलं, 1992 ला युनिफाइड टीम (फुटलेल्या सोव्हिएत संघातल्या देशांची एकत्र टीम) म्हणून, 2002 ला वाटून, पण गेलं. 2010 ला चीनच्या शेन-झाओने ती साखळी तोडली. म्हणजे देशाचा प्रश्न आला तर डोळे मिटून उत्तर द्या.

खरी गंमत पार्टनर बदलण्यात असते. इरिना रोदनिना घ्या. 1972 चं गोल्ड उलानोवबरोबर, 1976 आणि 1980 चं झैत्सेवबरोबर. वर्ल्ड्स सलग दहा वेळा, पहिली चार एकाबरोबर, पुढची सहा दुसऱ्याबरोबर. आणि उलानोव कुठे गेला? तो 1972 ला सिल्व्हर मिळवलेल्या स्मिर्नोवाशी लग्न करून तिच्याबरोबर स्केट करायला लागला आणि 1973 च्या ब्रातिस्लावा वर्ल्ड्सला ते दोघं कितवे आले असतील? दुसरे. रोदनिनाच्याच मागे. त्याच स्पर्धेत रोदनिना-झैत्सेवचं म्युझिक मध्येच बंद पडलं होतं आणि त्यांनी थांबायचं सोडून उरलेला प्रोग्रॅम तसाच शांततेत पूर्ण केला. एखादी मराठी सिरियल काढता येईल यावर, तीन वर्षं सहज चालेल.

अजून दोन लक्षात ठेवा. आर्तुर दिमित्रिएव, 1992 ला मिश्कुतिओनोकबरोबर गोल्ड, 1998 ला काझाकोवाबरोबर गोल्ड. आणि जर्मनीची अल्योना सावचेंको, 2010 आणि 2014 ला शोल्कोवीबरोबर ब्रॉन्झ, 2018 ला मासोबरोबर गोल्ड. डान्समध्ये निकिता कात्सालापोव, 2014 ला इलिनिखबरोबर ब्रॉन्झ, 2022 ला सिनित्सिनाबरोबर सिल्व्हर. डान्स ऑलिम्पिकमध्ये आलाच 1976 ला, त्यामुळे यादी छोटी आहे, एका रविवारी होते.

खेळाचे प्रकार

साधा प्रकार म्हणजे “पोडियम भरा”. वर्ष, शहर, प्रकार सांगायचा, समोरच्याने तीन नावं क्रमाने सांगायची. क्रम चुकला तर अर्धे मार्क. नवीन ग्रुपने महिनाभर हेच खेळावं.

नंतर येते साखळी, आणि ही मला सगळ्यात आवडते, अंताक्षरीचा थोडा हुशार भाऊ. नियम एवढाच की दोन स्केटर एकाच पोडियमवर एकत्र उभे राहिले असतील तरच त्यांना जोडता येतं. आता काकांनी दिलं होतं, मिशेल क्वानपासून कातारिना विटपर्यंत जा, फक्त ऑलिम्पिक आणि वर्ल्ड्स वापरून. मी कागदावर लिहीत गेले. क्वान आणि चेन लू, 1998 नागानो. चेन लू आणि केरिगन, 1994 लिलेहामर. केरिगन आणि मिदोरी इतो, 1992 अल्बर्टव्हिल. इथपर्यंत धडाधड गेलं आणि मग भिंत. इतो ऑलिम्पिकमध्ये विटबरोबर पोडियमवर नव्हती. दहा मिनिटं डोकं खाजवल्यावर 1989 पॅरिस वर्ल्ड्स आठवलं, इतो पहिली आणि क्लॉडिया लाइस्टनर दुसरी, पश्चिम जर्मनीची. आणि लाइस्टनरचं त्याआधीचं सिल्व्हर 1983 हेलसिंकीला, रोझलिन समनर्सच्या मागे. आणि समनर्स 1984 ला सारायेवोत विटच्या मागे! सहा कड्या. ओरडले मी, शेजारच्यांनी बेल वाजवली. युरोपियन चालत असती तर समनर्सची गरजच नव्हती कारण लाइस्टनर आणि विट तिथे एकत्र होत्या, म्हणून आधीच ठरवा कोणत्या स्पर्धा चालतील, नाहीतर भांडणं. याहून लहान साखळी कोणी काढली तर आमच्याकडे बोनस आहे, अजून कोणी घेतलेला नाही.

तिसरा प्रकार पाच क्लूंचा. अवघड क्लू आधी, पाच मार्क, मग चार, असं एकपर्यंत उतरायचं. मी पहिल्यांदा क्लू बनवले तेव्हा असे होते. एक, ही बाई जिंकल्यावर प्रोफेशनल शोमध्ये पैसे कमवायला न जाता स्वित्झर्लंडमधल्या ट्रोगेनच्या मुलांच्या पेस्टालोझी वसाहतीत काम करायला गेली. दोन, तिची मुलगी कर्लिंगमध्ये वर्ल्ड चॅम्पियन झाली. तीन, 1948 ला ब्रॉन्झ. चार, तिच्यानंतर 2022 पर्यंत ब्रिटनच्या एकाही बाईला सिंगल्सचं ऑलिम्पिक गोल्ड मिळालेलं नाही. पाच, 1952 ऑस्लो, गोल्ड. उत्तर जेनेट ऑल्टवेग. आणि मी एक क्लू मुद्दाम हातचा ठेवला होता, तिचा जन्म मुंबईचा, 1930 सालचा! हो, आपल्या मुंबईत जन्मलेली बाई फिगर स्केटिंगची ऑलिम्पिक चॅम्पियन आहे आणि आपल्यातल्या शंभरातल्या नव्याण्णवांना पत्ता नाही. वडील स्विस, आई इंग्लिश, वाढली इंग्लंडमध्ये, त्यामुळे तिला आपली वगैरे म्हणायला जाऊ नका, पण मराठी ग्रुपमध्ये हा क्लू पहिला टाकला तर सगळे खुर्चीत सरळ बसतात हे मात्र नक्की.

प्रश्न बनवताना कुठे पाय घसरतो

थोडे दिवस खेळल्यावर तुमच्यावर पण प्रश्न काढायची पाळी येणार. इथे जास्त वेळ द्या, कारण उत्तर चुकलेल्या माणसापेक्षा प्रश्न चुकलेल्या माणसावर लोक जास्त चिडतात. स्वानुभव आहे. मी एकदा विचारलं, “2022 बीजिंग टीम इव्हेंट, सिल्व्हर कोणाला”, आणि माझ्या कागदावर लिहिलं होतं अमेरिका. अर्धा ग्रुप अमेरिका म्हणाला, अर्धा जपान, आणि पुढचा पाऊण तास त्यातच गेला. झालं असं होतं की रशियाच्या कामिला वालिएवाच्या डोपिंगच्या निकालानंतर जानेवारी 2024 मध्ये क्रमच बदलला, अमेरिका गोल्ड, जपान सिल्व्हर, रशियनांची टीम ब्रॉन्झवर, आणि अमेरिका-जपानच्या स्केटर्सना मेडलं मिळाली ऑगस्ट 2024 मध्ये पॅरिसला, समर ऑलिम्पिक चालू असताना. माझी यादी जुनी होती. तेव्हापासून प्रश्न काढल्यावर ताज्या अधिकृत निकालात बघितल्याशिवाय मी तोंड उघडत नाही.

असे अजून खड्डे आहेत. 2002 सॉल्ट लेक सिटी, पेअर्स, सिल्व्हर कोणाला? कोणालाच नाही. रशियाच्या बेरेझनाया-सिखारुलिद्झेंना गोल्ड होतंच, जजिंगचा घोटाळा बाहेर आल्यावर सिल्व्हरवाल्या कॅनडाच्या साले-पेलेटिएना पण गोल्ड दिलं, शेन-झाओ ब्रॉन्झवरच राहिले. मुद्दाम फसवायला छान प्रश्न आहे पण एकदाच चालतो. 1964 च्या पेअर्सना मात्र हातच लावू नका. जर्मनीच्या किलिउस-बॉइमलरचं सिल्व्हर 1966 ला काढून घेतलं कारण त्यांनी आधीच प्रोफेशनल करार केला होता म्हणे, मग 1987 ला परत दिलं, त्यामुळे कोणत्या सालची यादी उघडता त्यावर ब्रॉन्झचं नाव बदलतं.

“पहिलं” हा शब्द जपून. फिगर स्केटिंग ऑलिम्पिकमध्ये आलं ते 1908 च्या लंडनच्या समर ऑलिम्पिकमध्ये, मग 1920 ला अँटवर्पला, तेही समरच. विंटर ऑलिम्पिक 1924 पासून. त्यामुळे “पहिली ऑलिम्पिक चॅम्पियन” सायर्स, पण “पहिली विंटर ऑलिम्पिक चॅम्पियन” ऑस्ट्रियाची हेर्मा साबो. स्वीडनचा गिलिस ग्राफस्ट्रॉम तर दोन्हीकडचा, 1920 चं गोल्ड समरमधलं, 1924 आणि 1928 ची विंटरमधली, वर 1932 ला सिल्व्हर. तसंच “पहिली आशियाई” म्हणू नका, जन्माने की देशाने की वंशाने यावर वाद होतो. क्रिस्टी यामागुची अमेरिकन. मिदोरी इतोचं 1992 चं सिल्व्हर जपानचं. फिगर स्केटिंगमधलं जपानचं पहिलं ऑलिम्पिक गोल्ड शिझुका अराकावाचं, 2006. असं नेमकं लिहिलं की कोणी बोट ठेवत नाही.

देशांची नावं पण त्या काळचीच घ्यायची. विट पूर्व जर्मनी. ओंद्रेय नेपेला 1972 ला चेकोस्लोव्हाकिया. व्हिक्टर पेत्रेंको तर 1988 ला सोव्हिएत संघ, 1992 ला युनिफाइड टीम, आणि माणूस युक्रेनचा. कोणी युक्रेन म्हटलं तर चूक द्यायची की नाही हे खेळाआधी ठरवा, खेळताना नाही.

न झालेल्या स्पर्धा विचारून लोक फसवतात तेही सांगते. 1961 चं वर्ल्ड्स झालं नाही. प्रागला जाणारी अमेरिकेची पूर्ण टीम ब्रसेल्सजवळ विमान अपघातात गेली, त्यात 1932 ची ब्रॉन्झवाली मॅरिबेल विन्सन तिच्या दोन्ही मुलींसह होती. हा प्रश्न मी फसवायला कधीच विचारत नाही, बरं वाटत नाही. 2020 चं माँट्रियल कोविडमुळे रद्द झालं ते चालतं.

आणि मेडल म्हणजे कोणतं मेडल? वर्ल्ड्स, युरोपियनला शॉर्ट प्रोग्रॅम आणि फ्री स्केट या दोन फेऱ्यांची वेगळी छोटी मेडलं देतात. म्हणजे एखादी शॉर्टमध्ये तिसरी येऊन छोटं ब्रॉन्झ घेते आणि शेवटी पोडियमवर नसतेच. अमेरिकेच्या नॅशनल्समध्ये चौथ्याला पण मेडल असतं, प्यूटर म्हणतात, राखाडी रंगाचं. प्रश्नात “एकूण निकालात” एवढे दोन शब्द टाकले की वाचलात.

मार्कांचे प्रश्न

हे अनुभवी लोकांचं खेळणं आहे, पण चव घेऊन बघा. एक गोष्ट पक्की करा, सिंगल्सचे पॉइंट आज दिसतात तसे दशांशात आले ते नव्या पद्धतीनंतर, ऑलिम्पिकमध्ये 2006 पासून. त्याआधी 6.0 ची पद्धत होती, म्हणजे जज 6.0 पैकी मार्क द्यायचे, आणि क्रमांकावरून निकाल लागायचा. म्हणजे “1998 ला गोल्डवाल्या तारा लिपिन्स्कीचे एकूण पॉइंट किती” हा प्रश्नच फारसा अर्थाचा नाही. त्या पद्धतीत काय व्हायचं याचा नमुना 2002. सारा ह्यूज शॉर्टनंतर चौथी होती. फ्रीमध्ये पहिली आली, स्लुत्स्काया दुसरी, क्वान तिसरी, बेरीज केली तर ह्यूज आणि स्लुत्स्काया बरोबरीत, आणि फ्री जिंकली म्हणून गोल्ड ह्यूजला. चौथ्या नंबरवरून थेट वर. आणि त्याच्याही आधी, 1990 पर्यंत, कंपल्सरी फिगर्स होत्या, बर्फावर ठरलेले आकार गिरवायचे, त्यात बेआट्रिक्स शुबा इतकी पुढे असायची की 1972 ला फ्री स्केटमध्ये सातवी येऊनही गोल्ड घेऊन गेली.

नव्या पद्धतीतला माझा हुकमी प्रश्न सांगते, वापरा खुशाल. 2010 चे पुरुष आणि 2018 च्या महिला, यांच्यात काय सारखं आहे? लोक देश शोधतात, कोच शोधतात. आता वजाबाकी करा. 2010 ला लायसाचेक 257.67, प्लुशेंको 256.36. 2018 ला झागितोवा 239.57, मेदवेदेवा 238.26. दोन्हीकडे फरक 1.31. हुबेहूब. त्यात 2018 ला दोघींचे फ्री स्केटचे मार्क पण अगदी सारखे, 156.65, म्हणजे तो 1.31 सगळा शॉर्टमधला. मी हे पहिल्यांदा कॅल्क्युलेटरवर बघितलं तेव्हा तीनदा करून बघितलं.

बसायची रीत

कॉलवर खेळत असाल तर कॅमेरा चालू, हात दिसायला हवेत, कारण गूगल. उच्चारांवरून कोणाला हसायचं नाही, 1964 चं महिलांचं गोल्ड ज्या डच बाईचं आहे तिचं नाव शाउक्ये डाइक्स्ट्रा, ते मी दोन महिने वेगवेगळ्या पद्धतीने म्हणत होते आणि काका दर वेळी मार्क देत होते. चिनी नावात आडनाव आधी, म्हणून चेन लू आणि लू चेन दोन्ही चालवा. वेळ तीस सेकंद पुरे. लहान मुलं किंवा अगदी नवीन कोणी असेल तर पहिल्या दोन फेऱ्या 2010 नंतरच्याच ठेवा, बिचारे पहिल्याच दिवशी ग्राफस्ट्रॉम ऐकून परत येत नाहीत. आणि चुकलेलं नाव तिथल्या तिथे वहीत लिहा, फोनमध्ये नाही, वहीत. हाताने लिहिलेलं राहतं.

माझी ती वही आता दुसरी चालू आहे. वीसपैकी तेरा-चौदा येतात. टोरांटोच्या ताईंना अजून एकदाही हरवलेलं नाही. मागच्या शनिवारी बरोबरीत होतो, शेवटचा प्रश्न, 1932 लेक प्लॅसिड, पेअर्स, सिल्व्हर. बिअट्रिक्स लॉकरन लगेच आली तोंडात, 1924 ची सिंगल्सची सिल्व्हरवाली, 1928 ची ब्रॉन्झवाली, पण तिचा पार्टनर काही केल्या येईना, तीस सेकंद संपले. ताई चहा ढवळत होत्या. “शरविन बॅजर.”

लिहून ठेवलाय.